सात नंबरची मागची जोडी

इरा, निखिल,

इरा, तू गेल्या पत्रात लिहिलंस की ट्रकच्या मागच्या जोडचाकांपैकी एकच टायर लवकर का झिजतो, यावर तुझ्या ऑफिसात दिवसभर खल चालला होता. शेवटी गमतीनं लिहिलंस, "आजी, तुला यातलं काय कळणार म्हणा!" मला यातलं थोडं कळतं. ते कुणाकडून शिकले, हे मी तुमच्या आजोबांनाही पूर्ण सांगितलं नव्हतं. पुढच्या महिन्यात डोळ्याचं दुसरं ऑपरेशन आहे. त्याआधी माझ्या हातानं लिहून ठेवते.

दुसरं महायुद्ध चालू होतं. कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं आणि गादीवर अगदी लहान महाराज होते. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. लष्करानं बायकांसाठी दल काढलं, त्यात मी नाव घातलं. वडील दोन महिने बोलले नाहीत. पुण्यात ट्रेनिंग झालं आणि पोस्टिंग आलं ते परत घरीच: उचगावजवळच्या माळावरचा ट्रान्सपोर्ट डेपो. बारा तीन-टनी गाड्या, एक वर्कशॉप, पत्र्याचं ऑफिस. मी कॉर्पोरल होते. खाकी साडी, खांद्यावर पट्टी, हातात रजिस्टर.

सकाळी सातला फॉल-इन. साडेसातला गाड्यांचं डिटेल, म्हणजे कोणती गाडी कुठं जाणार ते. दुपारी पेट्रोलची नोंद. शनिवारी टायर इन्स्पेक्शन. मलाया जपान्यांच्या हाती गेल्यापासून रबर मिळत नव्हतं, त्यामुळे प्रत्येक टायरचा हिशेब ठेवावा लागे. मी गाडीखाली वाकून हवेचा दाब आणि नक्षीची खोली मोजायची आणि आतला टायर, बाहेरचा टायर अशा दोन रकान्यांत लिहायची. शेवटचा रकाना शेऱ्याचा. शेरा असल्याशिवाय वर्कशॉप गाडी आत घेत नसे, आणि रजिस्टर तिकडे सोमवारी जाई. डेपोचा तो नियमच होता.

सात नंबरची गाडी नाईक दस्तगीर मुल्ला चालवायचे. नाईक हा त्यांचा हुद्दा. मुरगूडचे. वय चाळिशीचं, मिश्या पिकलेल्या. त्यांच्याकडे बाभळीचं एक दांडकं होतं. ते टायरवर मारून आवाज ऐकायचे आणि हवा सांगायचे. मी गेज लावायची. दोन्ही आकडे सहसा जुळायचे.

"काय म्हणतंय तुमचं घड्याळ?" ते विचारायचे.

"तुम्ही म्हणालात तेच."

"मग त्याला पगार कशाला देताय? मला द्या की."

एका शनिवारी मला सात नंबरच्या नोंदीत काही चुकलंसं वाटलं. डावीकडच्या मागच्या जोडीत बाहेरच्या टायरची नक्षी ठीक होती. आतला मात्र चार आठवड्यांत भराभर उतरला होता, तोही जागोजागी चकत्या पडल्यासारखा. आतल्या टायरच्या व्हॉल्वचं टोपण गंजून बसलं होतं, त्यामुळे गेज लागेना. नाईकांनी दांडकं मारलं. आवाज बसका आला.

"नाईक, माझ्याकडून रकाने उलटे भरले गेलेत का? आतल्यात हवा कमी असेल तर वजन बाहेरच्यावर येणार. मग झिजायला बाहेरचा हवा."

"उलटं न्हाय, बाई. ही बैलजोडी समजा. आतला हवा जाऊन बारका झालाय. पर दोघं एकाच धुऱ्याला बांधल्यात, फिरायचं संगंच. मग बारका काय करणार? फरफटत जातोय. म्हणून झिजतोय."

"आणि बाहेरचा?"

"त्यो दिसायला झकास. सगळं वजन त्येच्यावर. हात लावून बघा, कसला तापलाय. दगा देणार तर त्योच देणार. वहीत घ्या, म्हंजे वर्कशॉपवालं गाडी घेत्यात."

मी शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं: 'लेफ्ट रिअर इनर सॉफ्ट, आउटर हॉट. पेअर टु बी चेक्ड.' गेजनं मोजल्याशिवाय शाई वापरायची नाही, ही माझी शिस्त होती. नाईकांनी वाकून पाहिलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"घेतलंय न्हवं?"

"घेतलंय."

"मग झालं."

सोमवारी पुण्याहून इन्स्पेक्शन येणार होतं. रविवारी आमचे कॅप्टन रजिस्टरं चाळून गेले. एवढंच म्हणाले, "नो पेन्सिल, कॉर्पोरल."

मी खोडरबर घेतलं आणि सगळ्या वह्यांतलं पेन्सिलीचं लिखाण पुसलं. सात नंबरचा शेराही पुसला. ठरवलं होतं की सोमवारी पाहुणे गेले की व्हॉल्व सोडवून घ्यायचा आणि शाईनं लिहायचं. पाहुणे संध्याकाळी सहाला गेले. रजिस्टरं उत्तम ठेवली आहेत, असं जाताना म्हणाले. मी तो आनंद घेऊन घरी गेले.

मंगळवारी सकाळी सहाला सात नंबर गगनबावड्याकडे निघाली. घाट उतरून कोकणातल्या कॅम्पवर तंबू पोचवायचे होते. डिटेल कॅप्टनांनी आदल्या संध्याकाळी काढलं होतं. गाडीला शेरा नव्हता, म्हणजे गाडी फिट. नाईकांनी तक्रार केली नाही. त्यांच्या समजुतीनं शेरा वहीत होता आणि वर्कशॉपनं तो पाहूनच गाडी सोडली होती.

आठ वाजून वीस मिनिटांनी मी रजिस्टर उघडलं. शेऱ्याचा रकाना कोरा दिसला. मी गगनबावड्याच्या नाक्यावर फोन लावला. सात-आठ मिनिटांनी लागला. नाकेदारानं उचलला.

"सात नंबरची मिलिटरी गाडी आली का?"

"आली की. चा पिऊन गेली बी."

"कधी?"

"आत्ताच. मिश्यावाला डायवर, काखंत दांडकं हुतं बगा."

"थांबवा तिला. कुणाला तरी मागे पाठवा."

"कशी थांबवू, बाई? सायकल हाय नुसती माझ्याकडं. घाट लागला आता त्यास्नी."

दहा वाजून पाच मिनिटांनी त्याच नाक्यावरून फोन आला. तिसऱ्या वळणावर बाहेरचा टायर फुटला होता. आतल्यानं भार घेतला नाही, तो लगेच बसला. गाडी दरीकडे ओढली जाऊ लागली.

गाडीत नाईकांबरोबर शिपाई महादेव होता. तो वाचला. पायाला फळ्या बांधून त्याला आणलं, तेव्हा म्हणाला, "नाईकानं चाक डोंगराच्या अंगाला मारलं. स्वोताची बाजू दिली की ओ खडकाला. म्हणून मी हाय."

नाईक दस्तगीर जागीच गेले.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे अपघाताची लष्करी चौकशी, ऑफिसातच भरली. तीन अधिकारी. माझ्यासमोर रजिस्टर ठेवलं.

"या गाडीविरुद्ध काही शेरा आहे?"

"नो, सर."

"हे हस्ताक्षर तुमचं?"

"येस, सर."

"थँक यू, कॉर्पोरल."

मला दुसरं काही विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. निकाल लागला: टायर फुटून अपघात, कुणाचा दोष नाही. रजिस्टर व्यवस्थित असल्याचं एक वाक्य त्यात होतं.

नाईकांचं सामान द्यायला मी मुरगूडला गेले. एक मग, एक घोंगडी आणि ते दांडकं. दांडक्याला काही झालं नव्हतं. त्यांच्या बायकोनं, हुसेनबींनी, मला पाणी दिलं. मग विचारलं, "गाडीत काय खोट हुती का, बाई? त्ये तर लई जपायचे गाडीला."

"टायर फुटला," मी म्हणाले.

"मग कुणाचा काय विलाज," त्या म्हणाल्या, आणि मला जेवूनच जा म्हणून बसवून घेतलं. मी जेवले.

पुढे अनेकदा वाटलं, जाऊन सांगावं. मुरगूड काही लांब नाही. आधी लग्न झालं, मग मुलं झाली, आणि मग हुसेनबी गेल्याचं कळलं. ही कारणं नव्हेत, इरा. क्रम लिहिला एवढंच.

इन्क्वायरीनंतर मी शेरा शाईनंच लिहायची, गेज लागो न लागो. त्या वर्षात वर्कशॉपनं चार जोड्या सोडवून पाहिल्या. चारही वेळा आतला नरम निघाला.

नाईक दस्तगीर मुल्ला मुरगूडच्या कब्रस्तानात आहेत. दांडकं त्यांच्या नातवाकडे आहे. डेपो मोडताना जुनी रजिस्टरं जाळायला काढली, तेव्हा मी ते एक मागून घेतलं. ते माझ्या लोखंडी कपाटात वरच्या खणात आहे. सात नंबरच्या पानावर शेऱ्याचा रकाना कोराच आहे. पेन्सिल पुसली गेली. तिचा दाब अजून बोटाला लागतो.