वाळवणावर टांगलेली सीडी

त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. परक्या माणसाशी मला बोलवतच नाही, नुसती मान हलवते.

तो मुरुडहून आमचा जुना कॉम्प्युटर बघायला आला होता. सीडी घातली की आत घरघर व्हायची, पण चित्र येत नव्हतं. त्याने चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, सीडीचा खण खोलला आणि आतलं इवलंसं भिंग कापसाने हळूहळू पुसलं.

"खाऱ्या हवेने धरलं होतं. आता तुमची सीडी आणा, काकी."

 मुलीच्या लग्नाची ती सीडी. हे जाऊन चार वर्षं झाली, ह्यांचा आवाज तेवढ्यातच उरलेला. ती लागेना, तेव्हा तीच बिघडली असं मी धरून चालले. फेकवेना, म्हणून अंगणात वाळत्या बोंबलांवर टांगली. कावळे बुजायला आमच्या आळीत सगळ्याच टांगतात.

मी बोटाने अंगण दाखवलं.

"अरे देवा! चोर पेटीत, नि फाशी हिला दिलीत व्हय?"

त्याने स्वतः दोरा सोडला, सीडी गोड्या पाण्याने धुतली आणि तान्ह्या पोराचं तोंड पुसावं तशी मऊ फडक्याने टिपली. चित्र दोनदा अडकलं. मग एकदम ह्यांचा आवाज आला, "अगं, मुलाकडच्यांना सरबत दिलंस का?"

"दिलं की!" मी मोठ्यांदा म्हणाले.

आणि दचकून तोंडावर पदर धरला. तो माणूस पिशवीत हत्यारं भरत होता. त्याने मान वर केली नाही.