पुसलेले आंबे

टेम्पो भरून निघाला होता. अण्णांनी तो फाटकात अडवला.

"याने भरलेल्या पेट्या उतरवा."

याने म्हणजे माझ्या नवऱ्याने. अण्णा म्हणजे बागेचे मालक. पूर्णगडाच्या अलीकडे त्यांची हापूसची कलमं. हंगामात आम्ही दोघं तिथे मजुरीला, बाकी वर्ष नवरा मुंबईत कामाला. बागेत तो झाडावर चढून आंबे काढायचा, मी पेट्या भरायची. त्या आठवड्यात त्याला चढणं जमत नव्हतं, म्हणून तोही माझ्या शेजारी बसून पेट्या भरत होता.

अकरा पेट्या उतरल्या. खळ्यात वीसेक माणसं उभी.

"याला मुंबईचा रोग लागलाय. डॉक्टरांनी मला सांगितलंय. सगळे आंबे पुसा."

आणि पुसले कुणी? मी. अण्णांनी कुणाचं नाव घ्यायच्या आत फडकं आणलं, डेटॉलचं पाणी केलं, आणि एकेक आंबा पुसला, न्हाऊ घातलेलं पोर टिपावं तसा. काय ती हुशारी! नवरा फाटकापाशी पाय फाकवून उभा होता. माझ्याकडे बघत होता. मी मान वर केली नाही.

दोन हजार एक साल असेल. आता मी नातवंडांची आजी. तोंडाला कुलूप राहिलं नाही, म्हणून सांगते.

त्याला लघवीच्या जागी झालं होतं. लाल. सूज. कातडीला चिरा. कातडी मागे सरेना. आम्हाला वाटलं, चीक लागला. आंब्याच्या देठाचा चीक कातडी भाजतो. गडी झाडावरून उतरतात आणि तसल्याच हातांनी आडोशाला जातात. बागेत हे दर साली कुणाला तरी होतं, आणि सगळे हसतात. मीही हसले.

मग औषध सुरू केलं. डॉक्टर मीच. आधी खोबरेल. मग कडुनिंबाचं कढत पाणी. मग कपड्यांचा साबण. तव्याला घासावं तसं घासायला लावलं मी त्या बिचाऱ्याला, दिवसातून तीनदा. शेवटी डेटॉल, पाणी न घालता. तो असा उडाला की कौलं फुटायची बाकी राहिली. हसा, मीही हसते. पण चिरा वाढल्या, रक्त यायला लागलं.

त्याने अण्णांकडे रजा मागितली. अण्णांनी जीपमध्ये घातलं आणि रत्नागिरीत आपल्या ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर खुर्चीतून उठला नाही. लांबूनच पेनाने खूण केली, "लेंगा सोड." बघितलं न बघितलंसं केलं.

"मुंबईत होतास ना? अंघोळ करत नाही का तुम्ही लोक?"

बाकीचं त्याने अण्णांना सांगितलं. इंग्रजीत. दुसऱ्या दिवशी पेट्या उतरल्या.

घरी येऊन मी त्याचं ताट वेगळं केलं. अंथरूण पडवीत टाकलं. विचारलं, "खरा सांगा. मुंबईत कुणाकडं गेलेलात?"

"तुज्या गळ्याची आण. कुठं नाय गेलो."

मी विश्वास ठेवला नाही. अण्णांवर ठेवला. नवऱ्याशी वीस वर्षं संसार, आणि अण्णा जीपवाले.

मग भीती अंगात शिरली. एड्सचं नाव तेव्हा रेडिओवर, भिंतींवर. मी दार लावून आरशात जीभ बघायची. अंगावर कुठे डाग दिसला की दिवसातून दहादा तोच बघायची. पोरांना जवळ घ्यायची नाही. तो मेला तर काय, यापेक्षा मी मेले तर पोरांचं काय, हेच डोक्यात. तो पडवीत पाणी पीत बसलेला असायचा. तांब्यामागून तांब्या. उठायचा, लघवीला जायचा, पुन्हा पाणी. वाळून काठी झाला होता.

एका सकाळी त्याला लघवीच होईना. भिंतीला धरून घामाघूम. तेव्हा सगळं बाजूला राहिलं. पहिल्या एसटीने सरकारी दवाखान्यात नेलं.

खिडकीवरच्या माणसाने विचारलं, काय होतंय. नवरा म्हणाला, "पोटात दुखतंय."

तो पोटाचं लिहायला लागला. मला दिसलं, पोटाच्या गोळ्या घेऊन हा घरी येणार आणि मरणार. लाजेने मरणार.

"पोटबिट काय नाय," मी म्हटलं. रांगेला ऐकू जाईल एवढ्याने. "ह्यांच्या लघवीच्या जागेला झालाय. सुजलाय, लघवी अडकलेय. हात लावून बघणारा डॉक्टर पायजे. कुणाला हसायचा असंल तर बाहेर जाऊन हसा."

कुणी हसलं नाही. खिडकीवरच्याने लिहिलेलं खोडलं.

डॉक्टर तरुण होता. हातमोजे घातले, वाकून बघितलं. आधी लघवी मोकळी करून दिली. मग मला विचारलं, "तहान फार लागते का यांना? लघवी केली तिथे मुंग्या येतात का?"

येत होत्या. परसात मी त्यांच्यावर रॉकेल ओतत होते.

साखर निघाली. मधुमेह. लघवीतून साखर जाते, तिथे बुरशी धरते, कातडी आवळते. वर माझा साबण. डॉक्टर म्हणाला, "साधं पाणी. कातडी सरते तेवढीच मागे घ्यायची, धुऊन कोरडी करायची, परत पुढे आणायची. मागे ठेवली तर अडकेल." मलम त्यालाही दिलं, मलाही.

एड्सचीही तपासणी केली. चार दिवस गेले. मी जेवले नाही. कागद आला. नव्हता.

मी रडत डॉक्टरला आंब्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, असता तरी आंबे पुसायची गरज नव्हती. हात लावून तो पसरत नाही."

हे मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. मी आंबे पुसत असताना नवऱ्याने मला बघितलं होतं.

आठ दिवसांनी मी बंद झालेलं काम परत मागायला खळ्यात गेले. तपासणीचं अण्णांच्या कानावर गेलं होतं. अण्णा म्हणाले, "रिपोर्ट आणलास? दाखव, आणि उद्यापासून या दोघं."

कागद माझ्या पिशवीत होता. हात आत गेलाही. मग कळलं, दाखवला तर मीच म्हटल्यासारखं होईल, की रोग असता तर तुमचं बरोबर होतं.

"कागद नाय दाखवणार," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर पुसायला लावलात. सगळ्यांसमोर चुकलं म्हणा."

"जास्त बोलू नकोस गो."

मी वळले.

त्या हंगामात आम्ही चिरेखाणीवर दगड वाहिले. नवरा सकाळी इन्सुलिनची सुई टोचून मग दगड वाहायचा. अण्णांनी दोनदा निरोप पाठवला, नुसता कागद घेऊन ये. नाही गेले. माणसाला हात लावायच्या आधी जो कागद मागतो, त्याच्या दारात मी उभी राहत नाही. मेले तरी नाही.