वरणाचा डाग लागलेला सिंह

उमरेडहून नागपूरला निघालेल्या एसटीत माझ्या शेजारी साठीचे एक काका मोबाइलवर कार्टून बघत होते. पाच-पाच मिनिटांचे भाग; त्यात खेळाच्या कार्डांवरचे प्राणी जिवंत होऊन लढतात. मीही ती मालिका बघतो, तिची कार्डं जमवतो; पण तिशी ओलांडल्यावर हे कुणाला सांगायचं?

भाग संपला तसा काकांनी शर्टाच्या खिशातून रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा काढला. सगळ्यात वर सोनेरी सिंह! तोच सिंह माझ्या बॅगेत तीन वर्षं प्लॅस्टिकच्या पाकिटात होता, एकदाही न खेळलेला. काकांच्या सिंहाचे कोपरे मुडपलेले होते आणि आयाळीवर वरणाचा डाग होता.

"काका, असं कार्ड पाकिटात ठेवतात हो!" मी कळवळलो.

"काहून गा? कार्टूनात हा सिंह दर भागात मार खाते, तरी पुन्हा मैदानात उतरते. मी त्याले कोंडून ठेवू?" त्यांनी डब्याची पिशवी आमच्यामध्ये आडवी ठेवली. "तुझ्याजवळ आहे का? मग काढ नं!"

मी पाकीट उघडलं. नागपूरच्या वेशीवरचं दिघोरी येईपर्यंत त्यांच्या चुरगळलेल्या सिंहाने माझ्या कोऱ्या सिंहाला तीनदा लोळवलं. माझा चेहरा पडला की काका म्हणायचे, "आता कुठं झोपेतून उठून राहिला तो. खेळव अजून!"

माझा सिंह आता खिशात असतो. त्या पाकिटात मी त्या दिवसाचं एसटीचं तिकीट ठेवलंय.