देवीची हिरवी चोळी

कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर, झऱ्याजवळ आमची देवी होती. शेंदूर नाही, डोळे नाहीत, नुसता उभा दगड. पावसाळ्यात त्याच्या अंगावर बिनदेठाचे, बिनफुलाचे हिरवे पापुद्रे चढायचे, चिरलेल्या कलेजीसारखे एकावर एक. तीच देवीची चोळी. ती चढल्याशिवाय गावातल्या कुठल्याही पोटुशीला हिरवी चोळी नाही, डोहाळजेवण नाही. आणि दसऱ्यापर्यंत तिला कुणी नखसुद्धा लावायचं नाही.

माझी धाकटी जाऊ घाटावरची. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले; आषाढात देवीला चोळी नुकती चढली होती, तेव्हा आनंदाच्या भरात ती एकटीच झऱ्यावर गेली आणि काथ्यानं घासून देवी लख्ख करून आली. तिच्या माहेरी देव घासूनच पुजतात. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"देवीला उघडी केलीस गं! तिच्या अंगावर हिरवं येत नाय, तवर तुलाबी नाय."

चोळीवाचून पोर जगणार नाही, एवढंच जावेनं मनाशी धरलं आणि रडून रडून ती अर्धी झाली. मला सासूबाईंचा राग आला, जावेचाही आला. कोण चुकलं, ते मात्र काही केल्या ठरवता येईना.

मग पाण्याला जाताना मीच रोज दगड न्याहाळू लागले. खालच्या खडकावरचे पापुद्रे सोलून शेणमातीनं देवीच्या दगडावर लिंपले, तर ते काळे पडून गळाले. मुळं म्हणावीत तर खाली नुसते केस. हे जगतं कशावर आणि येतं कुठून? एकदा वरच्या कपारीतल्या पापुद्र्यांवर इवल्या वाट्या दिसल्या, आत खसखशीएवढे हिरवे दाणे. पावसाचा थेंब वाटीत पडला की दाणे उडायचे, काही दगडावर, काही माझ्या हातावर. हे बी म्हणावं, तर फूल कुठंय? माझं डोकंच चालेना. तरी त्या वाट्यांवर मी ओंजळीनं पाणी मारत राहिले, वेड्यासारखी.

भादव्यात दगडाच्या खांद्यावर नखाएवढे ठिपके आले. मग त्यांना पुढं दोन-दोन फाटे फुटून ते पसरू लागले. जावेचा सातवा महिना सरत आला होता. मी सासूबाईंना हाताला धरून तिथं नेलं. त्यांना दिसायचं कमी. त्यांनी ओल्या दगडावरून सावकाश बोटं फिरवली.

"देवीनं आपनहून घातली, का तू चढवलीस गं?"

मी गांगरले. त्यात माझं किती आणि पावसाचं किती, ते मलाच उमगत नव्हतं. खोटं तर बोलवेना.

"मला नाय कळत, आत्याबाय."

त्या पदराला बोटं पुसत म्हणाल्या, "माज्या येळला पाऊस लांबला व्हता. दगड कोरडा ठाक. मीबी असंच चोरून पानी मारलं व्हतं. मला तरी कुटं कळलंय अजून? जा, बोलव तिला."