पाहिल्याशिवाय क्रियापद नाही

सेलिनाबाईंची आणि माझी पहिली भेट मिठागराच्या बांधावर, भर उन्हात झाली. बाई प्राण्यांविषयीच्या जर्मन पुस्तकांचं इंग्रजी भाषांतर करतात आणि त्यांना मदतनीस हवी आहे, एवढंच मला ठाऊक होतं. आचोळ्याहून मी त्यांच्या होळी गावातल्या घरी पोहोचले, तर दारातच निरोप मिळाला, बांधावर ये. बाई मिटलेली छत्री काखेत धरून आकाशाकडे बघत होत्या. ससाण्याचं एक जर्मन क्रियापद अडलं होतं. शब्दकोशात त्याचा अर्थ 'गदागदा हलवणे' असा होता. वर एक लहानसा ससाणा पंख मारत हवेत एकाच जागी थांबला होता. "हा कुणाला हलवतोय का?" त्यांनी विचारलं. मी त्याच दिवशी कामाला लागले.

पाहिल्याशिवाय क्रियापद लिहायचं नाही, हा बाईंचा शिरस्ता. त्यापायी प्रकाशकांच्या मुदती हुकत आणि बोलणी मी खाई. जर्मनांनी जनावरांच्या एकेका हालचालीला वेगळा शब्द करून ठेवला, तर आपण का जिवाचं रान करावं, जवळचा शब्द घालून मोकळं व्हावं, म्हणून मी भांडलेही. बाई कधी रागावल्या नाहीत. उलट माझी आई आजारी पडली, तेव्हा हातातलं काम बाजूला सारून त्यांनी रोज घरी पेज पाठवली. ती मुदतही हुकलीच.

यंदा बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होताहेत, त्यानिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे आणि माझं मन थाऱ्यावर नाही. त्यांची दृष्टी झपाट्याने अधू होते आहे. शस्त्रक्रिया ठरली आहे, पण नंतर किती दिसेल, हे डॉक्टर सांगत नाहीत. त्यात हाती असलेल्या जर्मन पुस्तकाचं शेवटचं प्रकरण कोंबडीपाशी अडलं. पिल्लांना ऊब देण्याचं क्रियापद होतं. घाई मलाच होती. कोंबडी पिल्लांना पंखांखाली ओढून घेते, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य मी लिहून त्यांना वाचून दाखवलं.

"पाहिलंस?" बाईंनी विचारलं. मी पाहिलं नव्हतं. "मला आता दिसत नाही. तू बघून ये."

चरफडत मी परसात गेले. कोंबडी कुणालाच ओढत नव्हती. ती खाली बसली, पंख सैल सोडले, घशातल्या घशात कुरकुरली आणि पिल्लं आपणच आत शिरली. मी येऊन सांगितलं. शेवटचं पिल्लू कुठून शिरलं, हे बाईंनी विचारल्यावर पुन्हा जावं लागलं. मग त्यांनी वाक्य सांगितलं, 'शी लेट्स देम इन अंडर हर विंग्ज.' ती ओढत नाही, आत येऊ देते. मी ते लिहून घेतलं. बाईंनी मलाही असंच आत येऊ दिलं होतं.

हा गौरवग्रंथ हाती येईल तोवर शस्त्रक्रिया झालेली असेल. बाई हा लेख स्वतःच्या डोळ्यांनी वाचोत. नाहीच जमलं, तर मी वाचून दाखवेन. 'बाई निरोगी राहोत, शंभर वर्षं जगोत' इथवर आले, की त्या मला थांबवतील आणि विचारतील, "पाहिलंस?"

नाही, बाई. पाहायचं आहे.