डब्यातला चिंचेचा भात

दर महिन्याच्या कृत्तिका नक्षत्राला, स्वामीमलैच्या टेकडीवरच्या देवळाला जाणाऱ्या बसमध्ये आमच्या गल्लीतले एक निवृत्त कारकून माझ्या शेजारी बसत. मांडीवर पिवळी कापडी पिशवी, आत चिंचेच्या भाताचा डबा आणि ताकाची बाटली. दर्शन करून खाली उतरलं, की समोरच्या दुकानातून कॉफीचा वास यायचा. मी खिशात हात घातला रे घातला, की ते माझं मनगट धरत.

"घरीं असतां विकत कशास घ्यायचं, सार?"

मग सावली बघून बसत, माझा वाटा डब्याच्या झाकणात वाढत. भात चांगला असे, पण त्यांच्या काटकसरीपायी मला तिथली कॉफी कधी मिळाली नाही, याचा रागही येई.

पोंगलच्या आधी त्यांची बायको वारली. त्यानंतर दोन-तीन कृत्तिका ते आले नाहीत. मग एकदा आले, तीच पिशवी मांडीवर घेऊन. देवळाखाली बसून त्यांनी डबा उघडला आणि मी काही विचारण्याआधीच म्हणाले, "घरचंच आहे."

भातात शेंगदाणे होते. त्यांच्या घरच्या भातात ते कधीच नसत. दुसऱ्या घासात पांढरा दोरा आला, हॉटेलवाले केळीच्या पानाचं पार्सल बांधतात तसला. ते माझ्याकडेच बघत होते.

"चव तीच आहे नव्हे?"

"तीच," मी म्हणालो. दोरा मुठीत दाबला आणि झाकण पुन्हा पुढं केलं.