पुंडलिकनगरचा भावफलक आणि चुकलेला कांदा

आष्टूरकर सरांशी माझी पहिली ओळख भांडणाने झाली, हे गौरवग्रंथात लिहिणे शोभते की नाही कोण जाणे. संपादकांनी पहिल्या भेटीपासून लिहायला बजावले आहे, म्हणून लिहिते. पुंडलिकनगरात माझी खानावळ तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, त्यामुळे अर्थशास्त्राचे प्राध्यापक मनोहर आष्टूरकर सर दुपारचे जेवायला माझ्याकडे येऊ लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी वाटीतले वरण चमच्याने हलवून पाहिले आणि विचारले, “ताई, मोंढ्यात तूर चढली वाटतं?”

माझे डोके फिरले. “चढली तर चढली. जेवायचं तर जेवा!”

सर मनापासून हसले, पोटभर जेवले आणि हात धुताना म्हणाले, “किराणा दुकानातून महाग डाळ घेता म्हणून वरण पातळ होतं. सकाळी मोंढ्यात या.” गल्लीत उगीच चर्चा नको म्हणून सर स्कूटरवर आणि मी रिक्षाने, अशी आमची वरात निघाली. मोंढ्याच्या घाऊक बाजारात मी पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते. सरांना पाहताच एक अडते गादीवरून ओरडले, “आओ सर! चला रे, आता खरं बोलावं लागतंय!” त्या दिवशी मी डाळीचे पहिले पोते घेतले, आणि माझे वरण सुधारले.

सर रोज मोंढ्यात का जातात, हे मला त्यानंतर कळले. त्यांच्या कुंपणाच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. त्यावर ते सकाळी तूर, हरभरा डाळ, तेल, साखर, कांदा यांचे घाऊक भाव लिहितात आणि सगळ्यात खाली डिझेल आणि हॉटेलांच्या सिलिंडरचे. नुसता आकडा लिहून ते थांबत नाहीत, शेजारी एका ओळीत कारणही देतात. ‘डिझेल चढले, बाहेरगावची भाजी चढेल.’ ‘मुगाची आवक वाढली, घाई करू नये.’ वर्गात त्यांनी किती पिढ्या शिकवल्या ते इतर लेखक सांगतीलच. आमच्या गल्लीतल्या बायका मात्र दूध आणायला जाता जाता अर्थशास्त्र शिकल्या, आणि त्यांना कुणी परीक्षेला बसवले नाही.

एका उन्हाळ्यात तेल, तूर आणि सिलिंडर एकदम चढले. खानावळीत जेवणाऱ्या पोरांनी महिन्याचे पैसे आधीच भरलेले, मधेच वाढवून मागणार कसे? गॅस सोडून चुलीवर स्वयंपाक करावा, पडेगावच्या वखारीतून लाकूड आणावे, असा माझा बेत ठरला. सरांनी तो एका वाक्यात मोडला, “लाकूड स्वस्त दिसतं ताई, पण ते आणणारा टेम्पोही डिझेलच पितो.” मग मी चिडून खानावळच बंद करायचे ठरवले. शिलाई मशीन होतेच घरात.

सरांनी पोरांना आणि मला एकत्र बसवले. फळ्यावरचे भाव वाचून दाखवले आणि म्हणाले, “मावशींनी दर वाढवायचा नसेल तर ताटात काय बदलायचं, ते तुम्ही सांगा.” देवगाव रंगारीचा एक पोरगा, घरची आल्याची, म्हणजे अद्रकाची शेती, पहिल्यांदा उठला. “मावशी, तूर महाग हाय ना? मग मूग करा. टमाटे नाय परवडत तर चिंच घाला. पर बंद नका करू, आम्ही जायचं कुठं?” दुसरा म्हणाला, “डाळ आधी भिजत घाला, गॅस लई वाचतो. आमची माय तसंच करती.” तेव्हापासून आमच्याकडे दर महिन्याला भावसभा भरते. भाव बघून भाजी ठरते, आणि ठरवलेल्या भाजीला नाक मुरडायची कुणाला सोय नसते. खानावळ वाचली ती अशी.

आता कांद्याची गोष्ट. सरांना ती लिहिलेली चालेल का, असे विचारले नाही. विचारले असते तर त्यांनी नको म्हटले असते.

एका वर्षी अवकाळीची बातमी वाचून सरांनी फळ्यावर लिहिले, ‘कांदा बराच चढेल असे वाटते.’ सरांचा शब्द! अख्ख्या गल्लीने पोती आणली. पलंगाखाली कांदा, जिन्याखाली कांदा, एका घरी तर देवघराशेजारी कांदा. आणि मग मोंढ्यात नव्या कांद्याच्या टेम्पोंची रांग लागली. भाव जो उतरला तो उतरतच गेला. गल्ली आधी कपाळाला हात लावून बसली, मग हसायला लागली. सरांना मात्र हसू येईना. एका सकाळी पाहते तर भिंतीवर फळाच नाही. वहिनी दारातच म्हणाल्या, “मोंढ्यात जायचं सोडलंय त्यांनी. धड जेवतही नाहीत.”

फळा गेला तर माझी खरेदी पुन्हा आंधळी होणार होती. त्याहून मोठी काळजी सरांची होती. रोज सकाळी उत्साहाने निघणारा हा माणूस एका कांद्यापायी घरात बसणार? मी कांद्याची भजी तळली, डबा भरला आणि त्या देवगावच्या पोराला घेऊन सरळ सरांच्या बैठकीत गेले.

“ताई, लोकांनी माझ्या शब्दावर घरं भरली,” सर खाली मान घालून म्हणाले.

“भरली तर भरली. खातायत की सगळे! तुम्ही असे तोंड लपवून बसलात तर आम्ही मोंढ्यात कुणाच्या तोंडाकडं बघायचं?”

पोरगा म्हणाला, “सर, आमच्या आल्याचा भाव दरसाल आम्हाला चकवतो. बाबा लावायचं सोडतेत का? व्हय ना मावशी?”

सरांनी एक भजे उचलले. मग दुसरे. मग वहिनींना चहा टाकायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी फळा जागेवर होता. त्यावर सरांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले होते, ‘कांदा उतरला. माझा अंदाज चुकला. ज्यांना रागवायचे असेल त्यांनी यावे, चहा मिळेल.’ रागवायला इतकी गर्दी झाली की वहिनींचे दूध संपले, आणि येणारा प्रत्येक जण सोबत कांद्याचाच काहीतरी पदार्थ घेऊन आला. इतका आनंदाचा दिवस आमच्या गल्लीने दिवाळीतही पाहिलेला नाही.

त्या दिवसापासून फळ्याच्या तळाशी एक ओळ कायमची आली आहे, ‘हा भाव आजचा आहे. उद्याचा मला ठाऊक नाही.’ एवढा व्यासंग असलेला माणूस हे रोज स्वतःच्या हाताने लिहितो, याचा मला फार अभिमान वाटतो. आता भाव मोबाइलवर येतात. तरी लोक दूध आणताना फळ्यापाशी थांबतात, कारण मोबाइल चुकला तर चहा देत नाही.

सर पंच्याहत्तर वर्षांचे झाले. त्यांचे गुडघे कुरकुरतात, स्कूटर लेकीने काढून घेतली आहे. आता सरही रिक्षाने येतात, माझ्यासोबत एकाच रिक्षाने, आणि भाडे देण्यावरून आम्ही मोंढ्यापर्यंत भांडतो. त्यांना भरपूर आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, वहिनींचा चहा असाच उकळत राहो. सर, तूर, तेल आणि डिझेलचे उद्या काय होईल ते तुम्हाला ठाऊक नसू दे, आमचे काही अडत नाही. उद्या सकाळी फळ्यापाशी हातात खडू घेऊन तुम्ही उभे असाल, उद्याचे एवढे एकच आम्हाला रोज ठाऊक असू दे.